आम्ही की आपण?

१९७२ च्या पावसाळ्यात, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी चालू असताना, मराठीच्या बाईंनी माझ्या वहीतल्या एका शब्दाभोवती लाल शाईने गोल काढला आणि समासात लिहिले, ‘हे आम्ही म्हणजे कोण? ऐकणारे त्यात आहेत की नाहीत?’ मी तेव्हा चौदा वर्षांची होते. युद्धकाळातले एखादे गाजलेले भाषण मराठीत आणून सादर करायचे, असा स्पर्धेचा विषय होता. वडिलांनी कचेरीच्या वाचनालयातून आणलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकातून मी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांचे ४ जून १९४० चे भाषण निवडले होते, आणि खरे कारण सांगायचे तर त्याचा शेवट पाठ करायला सोपा वाटला म्हणूनच निवडले होते. तिथे एकच वाक्य फिरून फिरून येते, फक्त लढण्याचे ठिकाण बदलत जाते. मी सगळीकडे ‘आम्ही लढू’ असे लिहून मोकळी झाले होते. बाईंच्या त्या गोलाने माझी मोकळीक संपवली, आणि गेली पन्नास वर्षे युद्धाच्या काळातले कोणाचेही भाषण कानावर पडले की मी नकळत तोच गोल मनात काढत आले आहे.

आपल्या भाषेची ही सोय आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती सोय आहे हेच लक्षात येत नाही. दारात उभे राहून ‘आम्ही निघतो’ म्हणणारा पाहुणा घरच्यांचा निरोप घेत असतो. ‘आपण निघू’ म्हणणारा त्यांनाही चपला घालायला सांगत असतो. मराठी घरातले तीन-चार वर्षांचे मूल हा फरक कोणी न शिकवता पाळते. इंग्रजीला तो एका शब्दात दाखवता येत नाही, हिंदीतला ‘हम’ दोन्हीकडे चालतो, आणि संस्कृतातही त्यासाठी वेगळे सर्वनाम नाही. गुजरातीत मात्र तो आहे, आणि तेलुगूतही आहे. नागपुरातल्या अजनीच्या रेल्वे वसाहतीतली माझी एक वर्गमैत्रीण घरी ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असे दोन निरनिराळे शब्द वापरायची. भाषाशास्त्रज्ञ मराठीतल्या या भेदाचा संबंध द्राविडी भाषांच्या शेजाराशी जोडतात. त्यात आपला ‘आपण’ आणखी एक काम करतो. समोरच्याला आदराने हाक मारायची असली तरी आपण ‘आपण’च म्हणतो. म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा यांना एकत्र बांधणारा शब्द आणि ऐकणाऱ्याला मान देणारा शब्द मराठीत एकच आहे. राजकीय वक्त्याला याहून मोठी देणगी कोणती भाषा देईल, मला ठाऊक नाही. नागपुरातल्या वक्त्यांनी ती फारशी वापरलेली नाही, कारण कस्तुरचंद पार्कवरच्या सभा निम्म्याहून अधिक हिंदीत होत आल्या आहेत आणि ‘हम’ म्हटले की प्रत्येक श्रोता आपल्या सोयीचा अर्थ घेऊन घरी जातो.

बाईंचा प्रश्न सोडवण्यासाठी मला ते भाषण पहिल्यापासून वाचावे लागले, आणि तेव्हा कळले की प्रसिद्ध असलेला भाग म्हणजे त्याचा शेवटचा तुकडा आहे. आधीची कितीतरी पाने पराभवाचा हिशेब आहेत. बेल्जियमच्या राजाने शरणागती कशी पत्करली, फ्रान्समधली आघाडी कशी फुटली, सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कसे कोंडले गेले, हे चर्चिल एखाद्या मुनिमासारखे मांडत जातात. फार तर वीस-तीस हजार माणसे परत येतील अशी त्यांना भीती होती. प्रत्यक्षात तीन लाख अडतीस हजारांहून अधिक सैनिक समुद्रापलीकडे आणले गेले. देश आनंदाने वेडा झालेला असताना हा गृहस्थ सभागृहात उभा राहून बजावतो की या सुटकेला विजय समजू नका, माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत. तीस हजारांहून अधिक माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली, आणि हजाराच्या आसपास तोफा गमावल्या, हेही ते लपवत नाहीत. आपल्याकडे पानिपतची बातमी दोन मोती गळाल्याच्या आणि सत्तावीस मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत आली, असे आपण लहानपणापासून ऐकतो. रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, हे त्या पत्राचे शेवटचे वाक्य आजही अंगावर येते. ते पत्र सावकारी होते आणि वाचणारे थोडे होते. चर्चिल यांना तोच हिशेब सगळ्या देशासमोर उघड मांडायचा होता. शेवटच्या तुकड्यात जो जोर आहे तो या हिशेबातून येतो, असे माझे मत आहे. आधी खरे ऐकवल्याशिवाय कोणालाही ‘लढू’ म्हणता येत नाही. म्हटले तर ती नुसती आरोळी ठरते.

आणि मग तो शेवट. फ्रान्समध्ये लढू, समुद्रांवर आणि महासागरांवर लढू, आकाशात लढू, किनाऱ्यांवर लढू, शत्रू उतरेल त्या जागांवर लढू, शेतांत आणि रस्त्यांत लढू, डोंगरांत लढू. मी पहिल्या खर्ड्यात ‘सागरतटांवर संग्राम करू’ असे लिहिले होते, कारण वक्तृत्व म्हणजे जड शब्द असा आमचा सगळ्यांचा समज होता. बाईंनी ‘संग्राम’ खोडला, ‘तट’ खोडला आणि म्हणाल्या, ‘अगं, ज्याला लढायचंय त्याला कळेल असं लिही.’ पुढे कॉलेजात इंग्रजी शिकताना समजले की मूळ भाषणातले जवळजवळ सगळे शब्द इंग्रजीच्या जुन्या, घरगुती साठ्यातले आहेत, आणि शेवटी ‘शरण जाणार नाही’ याकरता आलेला शब्द तेवढा फ्रेंचमधून आलेला आहे. बाईंना हे ठाऊक होते की नाही, मी कधी विचारले नाही. पण त्यांनी माझ्या खर्ड्यातून सगळे तत्सम शब्द काढून टाकले तेव्हा ‘शरण’ मात्र तसाच ठेवला होता.

प्रश्न ‘आम्ही’चा राहिला होता. ठिकाणांची ती यादी मी नकाशा समोर ठेवून वाचली, आणि लक्षात आले की ती दुरून जवळ येत जाते. फ्रान्स समुद्रापलीकडे आहे. तिथे लढणारे गणवेशातले सैनिक आहेत. समुद्रावर आरमार आहे आणि आकाशात वैमानिक. इथपर्यंत ऐकणारा गिरणीकामगार किंवा शाळामास्तर मनात म्हणू शकतो की ही माणसे लढतील, मी त्यांच्यासाठी प्रार्थना करीन. किनाऱ्यापाशी त्याची चुळबुळ सुरू होते. शेतापाशी आणि रस्त्यापाशी त्याला पळवाट उरत नाही, कारण शेत त्याचे आहे आणि रस्ता त्याच्या घरावरून जातो. इंग्रजीत सर्वनाम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहते, पण त्याच्या पोटातली माणसे वाढत जातात. मराठीत आणताना ‘आम्ही’ने सुरुवात करून मध्येच कुठेतरी ‘आपण’वर यावे लागते. ती जागा नेमकी कोणती, यावर बाई आणि मी दोन दुपारी वाद घातला. त्या म्हणत किनाऱ्यावर. मी म्हणत होते रस्त्यावर. तो वाद मला अजून संपलेला वाटत नाही, आणि ज्याला या भाषणाची ताकद समजून घ्यायची आहे त्याने आधी ही एक जागा शोधावी, असे मी पुढे माझ्या विद्यार्थिनींनाही सांगत आले.

एक गंमत मला फार उशिरा कळली. चर्चिल त्या दिवशी फक्त संसदेत बोलले होते. संध्याकाळी रेडिओवर निवेदकाने त्यातले उतारे वाचून दाखवले, आणि आज आपण त्यांच्या आवाजात जे ऐकतो ते ध्वनिमुद्रण १९४९ मधले आहे, म्हणजे युद्ध संपून चार वर्षे झाल्यानंतरचे. तरीही आपण ते त्याच दिवशी त्यांच्या तोंडून ऐकले, असे पुढे पुष्कळांना वाटत राहिले. मला यात लबाडी दिसत नाही. ज्या वाक्यात माणूस स्वतः सामील झाला, ते आपण समोर बसून ऐकले असे त्याला वाटणारच.

आता दुसरी बाजू. ज्या ‘आपण’ने लंडनच्या रस्त्यावरचा माणूस आत घेतला, त्यात सीताबर्डीच्या रस्त्यावरचा माणूस होता का? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा इथल्या एकाही नेत्याला विचारले नव्हते. त्या काळी नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होते. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात राजीनामा दिला. ज्यांना विचारलेच नाही अशा लोकांमधून युद्ध संपेपर्यंत पंचवीस लाख सैनिक उभे राहिले, आणि १९४३ मध्ये बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली, त्यांच्यासाठी त्याच पंतप्रधानांची भाषा आटली होती. त्यांचे भाषण मला आजही थोर वाटते. त्या थोरपणाला कुंपण होते हेही मी विसरत नाही. मराठीत लिहिले तर ते कुंपण उघडे पडते, एवढेच. आमच्या दृष्टीने तो सगळा मजकूर ‘आम्ही’च होता, आणि त्या ‘आम्ही’त आम्ही नव्हतो.

आमचा ‘आपण’ दुसरीकडे घडत होता. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर गांधीजी बोलले, आणि या क्षणापासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावे, असे सांगून त्यांनी ‘करेंगे या मरेंगे’ हा मंत्र दिला. उजाडायच्या आत नेते तुरुंगात होते, त्यामुळे ते भाषण विदर्भाच्या खेड्यांत पोचवायला वक्ता उरला नव्हता. इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने काम केले. झाडे-झुडपे शस्त्रे होतील, दगड बॉम्ब होतील, भक्तांचीच सेना होईल, अशा आशयाचे त्यांचे भजन या भागात घरोघरी पाठ झाले होते. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटले, आणि महिना संपायच्या आत महाराजांना अटक होऊन त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. त्या भजनात आणि चर्चिल यांच्या यादीत मला एक विलक्षण साम्य दिसते, आणि दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूला होते म्हणून ते अधिकच विलक्षण वाटते. दोघांनीही ऐकणाऱ्याच्या अवतीभोवतीची जागा उचलली. तिकडे किनारा आणि रस्ता होता, इकडे बांधावरचे झाड आणि वाटेवरचा दगड. शूर व्हा, असा उपदेश दोघांपैकी कोणीच केला नाही. तुझ्या दाराशी जे आहे ते आता या लढाईत आहे, एवढेच सांगितले. चिमूरला पुढे जे घडले, आधी जमावाकडून आणि मग सरकारकडून, ते भीषण होते, आणि शब्दांची ताकद मोजताना तेही त्याच पारड्यात टाकले पाहिजे.

१९६२ चे चीनशी युद्ध मी चार वर्षांची असताना झाले, त्यामुळे ते मला ऐकीव आहे. आमच्या घरात त्या युद्धाची आठवण म्हणजे आजीची एक पाटली. संरक्षण निधीत तिने एक दिली आणि एक ठेवली, आणि मरेपर्यंत ती एकच घालत असे. दुसऱ्या मनगटावर काचेच्या बांगड्या. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने उचलून धरले. वाक्य सुंदर आहे, पण आजीचे त्यावरचे म्हणणे असे की ‘सह्याद्री गेला, मंग आमचा सातपुडा काय झोपला होता?’ ती रामटेकची होती. सह्याद्रीच्या अभिमानात विदर्भाचा माणूस अर्धाच मावतो, हे तिने एका प्रश्नात सांगून टाकले होते. त्याच काळात सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरटहून चोख दागिने घडवण्यावर बंदी आली आणि इतवारीच्या सराफ्यात पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्या कारागिरांचे हात रिकामे झाले. देशासाठी आपण सगळ्यांनी त्याग करू या, असे म्हटले जाते तेव्हा त्या ‘आपण’मधल्या कोणावर किती ओझे पडते, हा हिशेब भाषणात सहसा येत नाही.

याच युद्धातला एक प्रसंग मला शिकवण्यासाठी नेहमी उपयोगी पडला. ईशान्य सीमेवरचे बोमडिला चिनी सैन्याच्या हाती पडल्यानंतर पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून आसामच्या जनतेबद्दल कळवळा व्यक्त केला. माझे मन आसामच्या लोकांकडे ओढ घेत आहे, अशा अर्थाचे ते शब्द होते. आक्रमक देशाबाहेर जाईपर्यंत आपल्याला समाधान नाही, असेही ते त्याच भाषणात म्हणाले होते. पण आसामात कळवळ्याचे वाक्य तेवढे राहिले आणि ते निरोपासारखे ऐकले गेले. तिथल्या लोकांच्या मनातली ती खंत पुढे कित्येक वर्षे बोलून दाखवली गेली. नेहरूंच्या मनात तसे नव्हते, याबद्दल मला शंका नाही. चूक व्याकरणाची होती. ज्याला ‘आपण’ म्हणायचे त्याला त्यांनी त्या क्षणी ‘तुम्ही’ म्हटले. जो सोबत आहे त्याला सहानुभूती कळवावी लागत नाही.

१९६५ मात्र माझे आहे. मी सात वर्षांची होते, महालातल्या आमच्या वाड्यात सहा बिऱ्हाडे आणि एक रेडिओ होता, आणि तो ज्यांचा होता ते संध्याकाळी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवत, म्हणजे चौकातल्या सगळ्यांना ऐकू यावे. लालबहादूर शास्त्रींचा आवाज ऐकून मोठी माणसे आधी निराश झाली होती, हे मला नीट आठवते. तो पातळ, समजूत घालणारा आवाज होता, एखाद्या शाळामास्तराचा. त्यात चढ-उतार नव्हते, उपमा नव्हत्या. देश त्या वर्षी अमेरिकेच्या गव्हावर जगत होता आणि तो गहू कधीही थांबू शकत होता. शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितले, सोमवारी संध्याकाळचे. आधी त्यांनी स्वतःच्या घरात चूल बंद ठेवून पाहिले आणि मुले राहू शकतात याची खात्री झाल्यावरच देशाला सांगितले, असे तेव्हा सगळीकडे बोलले जाई. आमच्या वाड्यात या गोष्टीचा परिणाम भाषणापेक्षा मोठा झाला. सोमवारी संध्याकाळी सहाच्या सहा चुली बंद असत. मुलांना दूध मिळे. शेजारच्या काकू, ज्यांचे आईशी नळावरून वर्षभर बोलणे नव्हते, त्या पहिल्याच सोमवारी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, कारण रांधायचे नसल्यामुळे त्या वेळेचे करायचे काय हे कोणालाच कळत नव्हते.

आजीचा सोमवार महादेवाचाही होता. वर्षानुवर्षे ती सोमवार धरत आली होती, साबुदाण्याची उसळ आणि भगर खाऊन. शास्त्रींनी सांगितल्यावर आईला वाटले, चला, हिचे एका उपासात दोन होतील. आजीने ते साफ नाकारले. ‘महादेवाच्या उपासाले फराळ चालते,’ ती म्हणाली, ‘ह्या उपासाले नाई. हा गव्हाचा उपास हाय.’ आणि तिने संध्याकाळचे सगळेच बंद केले. पाव शेर कणीक दर सोमवारी ती एका वेगळ्या डब्यात काढून ठेवी आणि महिन्याच्या शेवटी गल्लीतल्या एका बाईला देई, जिचा मुलगा सैन्यात होता. कोणी तिला तसे सांगितले नव्हते. भाषणातले एक वाक्य तिने आपल्या हाताने पुढे वाढवले होते. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा शास्त्रींनी ऑक्टोबरात अलाहाबाद जिल्ह्यातल्या उरुवा इथल्या सभेत दिली असे म्हणतात. तोवर आजीचा डबा सुरू झालेला होता. त्या घोषणेत ना सर्वनाम आहे ना क्रियापद. दोन शब्द एकाच ‘जय’ने शेजारी बसवले आहेत, त्यांचा शेवट सारखा आहे, आणि ऐकणारा त्यांना आपोआप जोडतो. विदर्भात जोडायचीही गरज नव्हती, कारण कितीतरी घरांत एक भाऊ शेतावर आणि दुसरा कामठीच्या छावणीतून सरहद्दीवर, अशीच वाटणी होती. पुढच्या काळात या घोषणेला आणखी शब्द चिकटवले गेले. ते शब्द चांगले आहेत, पण घोषणेचा तोल गेला, असे मला वाटते. दोन पारड्यांच्या तराजूला तिसरे पारडे लावता येत नाही.

२३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, आणि जानेवारीत शास्त्री ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत. वाड्यातल्या चुली हळूहळू सोमवारीही पेटू लागल्या. आजीचा डबा थांबला नाही.

१९७१ च्या डिसेंबरात इंदिरा गांधी मध्यरात्रीनंतर बोलल्या तेव्हा वडिलांनी मला उठवून बसवले होते. देशावर आणि जनतेवर मोठे संकट आले असताना मी आपल्याशी बोलते आहे, अशी त्यांची सुरुवात होती. त्या भाषणातले मला दुसरे काही आठवत नाही. अंगावरची रजई आणि वडिलांचा गंभीर चेहरा आठवतो. १६ डिसेंबरला त्यांनी लोकसभेत ढाका ही आता एका स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी आहे, असे सांगितले. विजयाच्या क्षणी दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वाक्य बोलणे, यात जो संयम आहे त्याचे मोल मला पुढे कळले.

हीच साधने उलट्या कामालाही तितकीच चोख चालतात, हे सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे पुरा होत नाही. १८ फेब्रुवारी १९४३ ला बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने निवडून आणलेल्या श्रोत्यांना एकामागून एक दहा प्रश्न विचारले. तुम्हाला सर्वंकष युद्ध हवे आहे काय, हा त्यातला सर्वांत कुप्रसिद्ध. प्रत्येक प्रश्नाला सभागृह ‘हो’ म्हणून गर्जत होते. पुनरावृत्ती चर्चिल यांच्याइतकीच घट्ट होती, चढण तितकीच नेमकी. पण हिशेब नव्हता. नुकत्याच झालेल्या स्टालिनग्राडच्या पराभवाला त्याने हौतात्म्याचे कपडे चढवले होते. आणि ज्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते तो प्रश्न विचारणारा ऐकणाऱ्याला सोबत घेत नसतो, त्याच्या तोंडून स्वतःचेच वाक्य म्हणवून घेत असतो. शिवाय त्या सभेतला ‘आपण’ आधी कोणाला तरी बाहेर काढून मग उभा केलेला होता. मोठ्याने म्हटलेला ‘आपण’ ऐकू आला की मी अलीकडे आधी दाराकडे पाहते, बाहेर कोण उभे आहे ते.

‘आम्ही’ हा शब्द कमी प्रतीचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. मीही तसे समजत होते, ते २५ फेब्रुवारी २०२२ पर्यंत. त्या संध्याकाळी कीव्हच्या रस्त्यावर उभे राहून युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढली. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांकडे बोट करून ते म्हणाले की पंतप्रधान इथे आहेत, अध्यक्ष इथे आहे, आम्ही सगळे इथे आहोत. ते पळाले अशी अफवा त्या दिवशी जगभर फिरत होती. दहा-बारा दिवसांनी त्यांनी ब्रिटिश संसदेपुढे चर्चिल यांच्या यादीचा प्रतिध्वनी उमटवला, त्याचे फार कौतुक झाले. मला ती अर्ध्या मिनिटाची फीतच मोठी वाटते. तिचे मराठी करताना ‘आपण सगळे इथे आहोत’ असे लिहिता येणार नाही. तिथे ‘आम्ही’च हवा: आम्ही, ज्यांना पळून जाणे शक्य होते, ते गेलेलो नाही. चर्चिल यांनी पंतप्रधान झाल्यावर तीनच दिवसांनी, १३ मे १९४० ला, रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज माझ्यापाशी द्यायला काही नाही, असे म्हटले होते. तिथे ‘मी’ आहे. शास्त्रींच्या घरची बंद चूलही तशीच. आधी ‘मी’, मग ‘आम्ही’, आणि ते दोन्ही ऐकणाऱ्याला पटल्यानंतर ‘आपण’. या क्रमातली पायरी चुकवून थेट ‘आपण’वर उडी मारणारे वक्ते मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि त्यांच्या सभा टाळ्यांपाशी संपलेल्याही पाहिल्या आहेत.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला त्या चार दिवसांत आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ‘आपण’ गाजत होता. मीही वाचत होते, मलाही झोप नव्हती. सहाव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचा मुलगा त्या वेळी पश्चिम सीमेवर होता. ते दोघे नवरा-बायको गटावर काहीच लिहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या दाराला न विचारता पोळी-भाजीचा डबा लावून गेले, आणि त्याबद्दल गटावर कोणीच काही लिहिले नाही. तो डबा कोणाचा होता, हे मला अजून समजलेले नाही. मला आजीची कणीक आठवली.

स्पर्धेचे सांगायचे राहिले. मी ‘आम्ही’ने सुरुवात केली आणि बाईंचे न ऐकता रस्त्यापाशी ‘आपण’वर आले. तिथे क्षणभर थांबले होते, तसे ठरवूनच, आणि सभागृहात पुढच्या रांगेतल्या एका बाईने मान वर केलेली मला दिसली होती. परीक्षकांपैकी एकाने गुणपत्रिकेवर शेरा मारला: एकाच परिच्छेदात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची सरमिसळ, भाषेकडे लक्ष द्यावे. तिसरा क्रमांक मिळाला. बाई तो शेरा वाचून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

स्पर्धेच्या आधी आठवडाभर मी ते भाषण घरी आजीसमोर म्हणत असे. त्यातल्या सोमवारच्या संध्याकाळी तिच्या मांडीवर तो कणकेचा डबा होता. सगळे ऐकून घेतल्यावर तिने विचारले, ‘बोलला तर चांगला वं तो माणूस. पन त्यायनं काई सोडलं का?’ मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारले, बाईंनी इतिहासाच्या सरांना विचारले, आणि चार दिवसांनी मी घरी उत्तर घेऊन आले. त्या भाषणाच्या आधीच, जानेवारी १९४० पासून, तिकडे लोणी आणि साखर मोजून मिळत होती, आणि जुलैपासून चहासुद्धा; माणशी आठवड्याला जेमतेम पाच तोळे.

आजीने डब्याचे झाकण लावले. ‘चहाबी?’ ती म्हणाली. ‘मंग खरंच लढले असतीन ते.’